चित्र तुझं, पण पात्र कुणाचं?

फेस्ट जवळ आला की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन धंदे जोरात चालतात. एक जर्नल लिहून देण्याचा आणि दुसरा टी-शर्ट, पोस्टर, स्टिकरचा. हे पान स्टाफही वाचतो, त्यामुळे पहिल्याबद्दल मी काही बोलत नाही. दुसऱ्याबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण त्यात आपली चांगली चांगली चित्रकार मंडळी गुंतली आहेत. काही जणांचं तर मेसचं बिल त्यातून निघतं. कुणी नारुतो काढतो, कुणी स्पायडरमॅन, कुणी गब्बर. 'हे असं विकलेलं चालतं का रे?' असं विचारलं की उत्तरं ठरलेली. 'खाली मूळ कलाकाराचं नाव टाकलंय ना!' 'तीस टक्के बदललं की कॉपीराइट लागत नाही.' 'आपण एवढेसे, आपल्याला कोण विचारतंय?'

पहिली दोन उत्तरं साफ चुकीची आहेत. तिसरं बऱ्याच वेळा खरं ठरतं, पण त्याच्या भरवशावर दुकान मांडू नये असं माझं मत आहे.

नाव टाकणं ही सभ्यता झाली, परवानगी नव्हे. आणि तीस टक्क्यांचं कलम १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही. हे टक्के कुठून आले देव जाणे, बहुतेक अटेंडन्सच्या नियमातून आले असावेत! आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९७८ साली जे सांगितलं त्याचा मतलब असा, की नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती ज्या रूपात मांडली त्यावर असते. दोन्ही कृती बघणाऱ्या साध्या माणसाला 'ही तर त्याचीच नक्कल' असं स्पष्ट वाटलं, तर ती नक्कल.

याचं झकास उदाहरण आपल्या लहानपणच्या कॉमिक्समध्ये आहे. राजा पॉकेट बुक्सचा नागराज अनेकांनी वाचला असेल. दुसऱ्या एका प्रकाशकाने 'नागेश' आणला. त्यालाही सापाच्या कातडीसारखा अंगभर हिरवा पोशाख, त्याच्याकडेही सापांची शक्ती. नाव बदललं होतं, चित्रही नव्याने काढलं होतं. तरी दिल्ली हायकोर्टाने १९९७ साली नागेशला मनाई केली. मुंबई हायकोर्टानेही २०१६ साली 'दबंग'च्या चुलबुल पांडेवरून निघालेल्या खटल्यात, एखादं पात्र पुरेसं वेगळं आणि ओळखू येणारं असेल तर त्यावर कॉपीराइट असू शकतो, हे मान्य केलं. म्हणजे सिनेमाचा सीन जसाच्या तसा उचलला नाही, फक्त पात्र घेतलं, ही पळवाट काही भक्कम नाही.

हे सगळं समजून घ्यायला कोर्टात जायची गरज नाही, खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिकाला गेलं तरी पुरे. २०१३ साली सुरू झालेल्या त्या पार्कात उभारलेल्या राइड्स आठवा. 'अलिबाबा और चालीस चोर' आहे. ती गोष्ट इतकी जुनी की ती आता कुणाची नाही आणि सगळ्यांची आहे. टब्बी हत्ती पार्कचा स्वतःचा. आणि 'मिस्टर इंडिया' ही राइड १९८७ च्या सिनेमावर. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, म्हणजे हा २०४७ च्या अखेरपर्यंत कुणाच्या तरी मालकीचा आहे आणि त्यावर राइड उभारायची तर मालकाची परवानगी लागते. एकाच गेटच्या आत तिन्ही प्रकार! आपल्या फेस्टच्या स्टॉलवर मात्र सगळं एकाच दोरीला टांगलेलं असतं.

आता कुणी म्हणेल, मग काय आवडती पात्रं काढूच नयेत की काय? अवश्य काढा. हात बसतो तो नक्कल करूनच. कायदाही इतका कोरडा नाही. कलम ५२ मध्ये खाजगी, वैयक्तिक वापरासाठी योग्य मर्यादेत केलेली नक्कल चालते. तुमच्या खोलीच्या दारावरचा नारुतो त्यात बसतो (रेक्टरसरांचा कायदा वेगळा, तो त्यांना विचारा). खरा फरक पडतो तो किमतीच्या चिठ्ठीने. कलम ६३ प्रमाणे जाणूनबुजून उल्लंघन केलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट ही शिक्षा कमी करू शकतं. सुप्रीम कोर्टाने २०२२ साली हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचंही स्पष्ट केलंय. स्टिकर विकणाऱ्या पोराला उद्या पोलीस उचलतील असं मी म्हणत नाही. बऱ्याच कंपन्या छोट्या चित्रकारांकडे काणाडोळा करतात, कारण त्यात त्यांची फुकट जाहिरात होते. पण काणाडोळा त्यांच्या मर्जीवर असतो. ऑनलाइन विकायला गेलात तर एका तक्रारीवर तुमचा माल खाली उतरतो. शिवाय लोगो म्हणजे ट्रेडमार्क, त्याला १९९९ चा वेगळा कायदा आहे.

माणसांच्या चेहऱ्यांचं प्रकरण आणखी निराळं. अनिल कपूरने २०२३ साली दिल्ली हायकोर्टातून आपलं नाव, चेहरा, आवाज आणि खास 'झकास' यांच्या परस्पर व्यापारी वापरावर मनाई मिळवली. २०२४ साली जॅकी श्रॉफ 'भिडू' घेऊन त्याच कोर्टात गेला. त्याचा फोटो वापरून टी-शर्ट, मग, पोस्टर विकणाऱ्यांना कोर्टाने थांबवलं. पण त्याच्या मुलाखतीवर गमतीचा व्हिडिओ करणाऱ्याला मात्र लगेच थांबवलं नाही, त्यात कलाकाराची अभिव्यक्ती दिसते म्हणून. दलेर मेहंदीसारख्या दिसणाऱ्या, गाणाऱ्या बाहुल्यांची विक्री २०१० साली दिल्ली हायकोर्टाने थांबवली, पण त्याच निकालात व्यंगचित्र आणि विडंबन यांना सरसकट उल्लंघन म्हणता येणार नाही असंही सांगितलं. मला ही रेघ पटते. ज्यात तुमचं म्हणणं काही आहे ते एक, आणि ज्यात फक्त त्याचा चेहरा खपतोय ते दुसरं. (झकास हा शब्द घरी वापरायला अजून बंदी नाही, वर मी वापरलाच आहे.)

या विषयावर मी पेटून लिहितोय त्याला एक कारण आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमधल्या एका मित्राने भिवपुरी स्टेशनात धो-धो पावसात उभ्या असलेल्या लोकलचं चित्र काढलं. काही महिन्यांनी तेच चित्र कुणीतरी न विचारता मगवर छापून विकताना दिसलं. कोण ते जाऊ दे. मित्राचा संताप बघण्यासारखा होता, आणि तो बरोबरच होता. ज्या कायद्याला आपण 'मोठ्या कंपन्यांचा' म्हणतो तोच त्याच्या बाजूने उभा होता. रजिस्ट्रेशन लागत नाही, चित्र काढलं त्या क्षणी हक्क त्याचा. एक खाचखळगा मात्र लक्षात ठेवा. कुणी पैसे देऊन तुमच्याकडून पोर्ट्रेट काढून घेतलं, तर वेगळं काही ठरलेलं नसल्यास पहिला मालक तो पैसे देणारा ठरतो. तेव्हा ऑर्डर घेताना दोन ओळी लिहून घ्या, चहाच्या टपरीवर तोंडी ठरवू नका.

आणि काढायला विषय कमी आहेत का आपल्याकडे? कोंढाण्याची लेणी, पेठचा किल्ला, १९०७ पासूनची माथेरानची गाडी. बोरघाट चढून लोणावळ्यापुढे मळवलीला गेलं की तिथे एके काळी राजा रविवर्म्याचा छापखाना होता, घराघरातले देव तिथूनच छापून गेले. रविवर्मा १९०६ साली वारले. चित्रकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे त्यांची लक्ष्मी, सरस्वती तुम्ही खुशाल टी-शर्टवर घ्या, बदला, तिच्या हातात व्हर्निअर कॅलिपर द्या. आर. के. लक्ष्मण २०१५ साली गेले, त्यांच्या कॉमन मॅनसाठी २०७५ संपेपर्यंत थांबावं लागेल. पु. लं.ची वाक्यं छापणाऱ्यांनी २०६० संपायची वाट बघावी.

फेस्ट कमिटीला माझी एकच सूचना आहे. स्टॉलच्या फॉर्मवर आपण टेबल किती आणि प्लग पॉइंट किती एवढंच विचारतो. त्यात 'चित्रातलं पात्र कुणाचं?' असा एक रकाना वाढवा आणि ज्यांचं उत्तर 'माझंच' असेल त्यांचं भाडं निम्मं करा. आणि जमल्यास आमच्या मित्राला गेटजवळचा कोपरा द्या, भिवपुरीच्या लोकलचे प्रिंट तो या वेळी ए-थ्री साइजमध्ये आणतोय.