प्रमाणपत्रानंतरचे प्रशिक्षण

मानसिक आघातावर काम करू इच्छिणाऱ्या समुपदेशकांसाठी दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा आता घरबसल्या, ऑनलाइनही करता येतात. शुल्क भरले, व्याख्याने ऐकली, जोडीजोडीने थोडा सराव केला की शेवटच्या दिवशी संध्याकाळी प्रमाणपत्र हाती येते आणि पाटीवर ‘ट्रॉमा थेरपिस्ट’ हे दोन शब्द वाढतात. ती पाटी वाचून दार ठोठावणारी व्यक्ती मात्र बलात्कार, जळीत, भीषण अपघात किंवा लहानपणच्या लैंगिक शोषणातून वाचलेली असते. त्या दोन शब्दांमागे किती तासांचा अनुभव आहे, हे तिला ठाऊक नसते. ते विचारता येते, हेही बहुधा ठाऊक नसते.

कार्यशाळा वाईट असतात असे नाही. अनेक ठिकाणी उत्तम शिकवले जाते. अडचण ही की जे प्रशिक्षणाचे पहिले पाऊल आहे, त्यालाच आपल्याकडे पूर्ण प्रशिक्षण मानले जाते.

या क्षेत्रात चांगल्या हेतूनेही अपाय होऊ शकतो, याचा पुरावा आहे. अमेरिकेत अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेत काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये आपत्तीत काम करणाऱ्या जवानांसाठी एक पद्धत मांडली. भीषण घटनेनंतर एक-दोन दिवसांतच सगळ्यांना एकत्र बसवायचे आणि काय पाहिले, काय वाटले ते बोलते करायचे. ‘मन मोकळं कर, बरं वाटेल’ हा घरोघरी दिला जाणारा सल्लाच जणू शास्त्राच्या भाषेत आला होता. तो इतका पटण्यासारखा होता की ही पद्धत जवानांपुरती राहिली नाही. अपघातग्रस्त, भाजलेले रुग्ण अशांनाही एकेकटे बसवून बोलते केले जाऊ लागले. पुढे रीतसर चाचण्या झाल्या. ब्रिटनमध्ये रस्ते अपघातानंतर रुग्णालयात दाखल झालेल्यांचा तीन वर्षे मागोवा घेणारा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. असे बोलते केलेले रुग्ण, न केलेल्यांपेक्षा वाईट स्थितीत आढळले. सुरुवातीला ज्यांच्या मनावर घटनेचा परिणाम जास्त होता, त्यांचे नुकसान अधिक झाले होते.

जागतिक आरोग्य संघटना आता अशा तातडीच्या सक्तीच्या बोलण्याची शिफारस करत नाही. तिच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतले सूत्र ‘पाहा, ऐका, जोडून द्या’ एवढेच आहे. कोणाला काय हवे ते पाहा, बोलावेसे वाटले तर ऐका, नातेवाईक, औषधे, निवारा यांच्याशी जोडून द्या. बोलण्यासाठी दबाव आणू नका, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तरीही एखाद्या गावावर दरड कोसळली की मदतीचे ट्रक पोहोचतात, त्यांच्या मागोमाग ‘काय झालं ते सांगा’ म्हणणारेही पोहोचतात. त्यात कॅमेरेवाले असतात आणि कधी कधी समुपदेशकही.

यातून काही जण उलट टोकाचा निष्कर्ष काढतात, की घटनेचा विषयच काढू नये. महिनोन्‌महिने झोप, भूक, नवऱ्याशी भांडण यांवरच बोलणे चालते आणि जखमेभोवती फिरत राहण्यालाच उपचार म्हटले जाते. आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात आले. त्यानंतर ज्या उपचारांचा उपयोग सर्वाधिक नीट तपासला गेला, ते त्या आठवणीपर्यंत जाणारेच आहेत. एड्ना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण डोळे मिटून ती घटना आता घडते आहे अशा भाषेत, पुन्हा पुन्हा सांगतो. एकेक बैठक साधारण दीड तासाची असते. पॅट्रिशिया रेसिक यांची पद्धत ‘चूक माझीच होती’ यासारख्या रुतून बसलेल्या समजुती तपासते. फ्रान्सिन शापिरो यांची ईएमडीआर पद्धत आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचाली करायला लावते. या तिन्हींत तयारी आधी होते, गती रुग्णाच्या कलाने ठरते आणि बैठक संपण्यापूर्वी माणसाला भानावर, या खोलीत, आजच्या तारखेत परत आणले जाते.

खरे कौशल्य इथेच लागते आणि ते स्लाइडवर दाखवता येत नाही. समोरची बाई सांगता सांगता थांबते, तिचा श्वास उथळ होतो. ती भीती आता ओसरणार आहे की हाताबाहेर जाणार आहे? पुढे जाऊ द्यायचे की थांबवायचे? याहून फसवा प्रसंग म्हणजे ती अगदी शांत दिसते. आवाज सपाट, नजर कोपऱ्यात, चेहऱ्यावर काहीच नाही. नवख्या समुपदेशकाला वाटते, किती धीराने सांगते आहे! प्रत्यक्षात तिचे मन त्या खोलीत नसते. अशा वेळी ‘ताई, आणखी सांगा’ म्हणणे म्हणजे तिला एकटीला पुन्हा त्या प्रसंगात ढकलणे. पुढच्या आठवड्यात ती येत नाही. नोंदवहीत ‘रुग्णाने उपचार सोडले’ असे लिहिले जाते. आपले काय चुकले हे समुपदेशकाला कळत नाही, कारण ते सांगणारे कोणी नसते.

हे सांगणारे कोणी असले तर काय होते, यावरही अभ्यास झाला आहे. रेसिक यांची पद्धत शिकलेल्या थेरपिस्टांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये कॅनडातून प्रसिद्ध झाला. कार्यशाळा सगळ्यांनीच केली होती. त्यानंतर काहींना सहा महिने तज्ज्ञांशी आपल्या रुग्णांबद्दल नियमित चर्चा करण्याची सोय मिळाली, काहींना मिळाली नाही. अशी चर्चा मिळालेल्यांच्या रुग्णांचा त्रास, न मिळालेल्यांच्या रुग्णांपेक्षा जास्त कमी झाला. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हेच दाखवले होते. नुसत्या कार्यशाळेचा परिणाम काही महिन्यांत विरतो, मात्र नंतर कामावर अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळाले तर कौशल्य टिकते. गावच्या विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा बांधतात, पण काठावर जाणता माणूसही उभा असतो. आपण भोपळा वाटून घरी निघून जातो.

तज्ज्ञच कमी आहेत, तिथे इतकी देखरेख कशी परवडणार, हा आक्षेप खोटा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या विकारांसाठी ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले. अशा देशात ‘फक्त मोठ्या पदवीधारकांनीच हात लावावा’ म्हणणे क्रूर ठरेल. पण यावरचा मार्ग शेजारच्या गोव्यातच शोधला गेला आहे. ‘संगाथ’ या संस्थेने मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर काम करण्यासाठी तयार केले. त्याचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभर वाचले गेले. त्या यशातला कमी चर्चिला गेलेला भाग असा की या समुपदेशकांना वर्गातून थेट रुग्णासमोर एकटे सोडले नव्हते. ते बैठकींचे ध्वनिमुद्रण करत, गटात बसून एकमेकांचे काम ऐकत आणि ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देत. सुरुवातीला तज्ज्ञ सोबत होते, पुढे समुपदेशक एकमेकांचे काम तपासू लागले. हे काम नैराश्यावरचे होते, गंभीर आघातावरचे नाही, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पण आघाताचे काम अधिक जोखमीचे असेल, तर तिथे देखरेख जास्त हवी, कमी नव्हे.

महाराष्ट्रात यासाठी यंत्रणा नव्याने उभारावी लागणार नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने २००० च्या सुमारास ‘दिलासा’ हे हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीचे केंद्र सुरू केले. रुग्णालयातल्याच कर्मचाऱ्यांना या कामासाठी घडवले आणि पुढे इतर पालिका रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजना आहे. ‘सखी’ केंद्रे आहेत. म्हणजे दार आहे, खुर्ची आहे, समोर बसणारी समुपदेशकही आहे. तिच्या पाठीशी उभे राहणारी जाणती व्यक्ती सगळीकडे आहे का, हा प्रश्न आहे. एका अनुभवी तज्ज्ञाने आठवड्यातून दीड तास व्हिडीओ कॉलवर सात-आठ समुपदेशकांचे रुग्ण ऐकायचे, एवढीच ही सोय. मोठ्या सभागृहातल्या कार्यशाळेच्या चहा-जेवणाच्या खर्चात ती कितीतरी महिने चालेल. पण तिचे उद्घाटन होत नाही, फोटो निघत नाही, म्हणून तिला अंदाजपत्रकात ओळ मिळत नाही.

कायद्याकडूनही फार आधार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेण्यासाठी १९९२ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ‘समुपदेशक’ या शब्दाला मात्र अशी अट नव्हती. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्याने समुपदेशकांनाही कक्षेत घेतले, हे चांगलेच झाले. मात्र नोंदणीच्या नियमांत पदवीबरोबर देखरेखीखाली केलेल्या कामाचे तास मागितले नाहीत, तर जुन्याच प्रमाणपत्रांवर नवा शिक्का बसेल.

शिवाय ऐकणाऱ्याचेही काय होते, हे पाहायला हवे. रोज अत्याचाराच्या कहाण्या ऐकणाऱ्यांचे जगाकडे पाहणे बदलते, झोपेत दुसऱ्याची स्वप्ने पडू लागतात. मॅककॅन आणि पर्लमन यांनी १९९० मध्ये याचे वर्णन केले. कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनात, एकटीने हे काम करणारी समुपदेशक एक तर कोरडी होते, नाही तर नोकरी सोडते. तिच्या जागी नवी येते, तिला पुन्हा तीच दोन दिवसांची कार्यशाळा दिली जाते.

नियम बदलतील तेव्हा बदलतील. तोवर उपचार घेणाऱ्याने किंवा त्याच्या घरच्यांनी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात. अशा प्रकारच्या किती जणांवर तुम्ही काम केले आहे? कोणती पद्धत वापरणार, आणि मला थांबावेसे वाटले तर काय कराल? तुम्ही अडलात तर कोणाशी बोलता? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पाठ करून देता येतात. तिसऱ्याचे उत्तर ऐकताना थोडे जास्त लक्ष द्यावे.