'प्रश्नचिन्हा'पुढे चळवळ कुठे उभी आहे?

फासेपारधी समाजात जन्मलेल्या मतीन भोसले या तरुणाने शिक्षकाची नोकरी सोडली, रेल्वे स्टेशनांवर आणि सिग्नलवर भीक मागणारी आपल्या समाजाची पोरे गोळा केली आणि २०१२ साली अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चवाळा येथे त्यांच्यासाठी निवासी शाळा काढली. शाळेचे नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. ज्यांच्या जगण्याला प्रश्नाशिवाय दुसरे काही नाही, त्यांच्या शाळेला याहून खरे नाव कोणते असू शकते? मुलांच्या पोटासाठी या माणसाने लोकांपुढे झोळी पसरली, पण मुलांच्या हातातली झोळी सोडवली. अशा कार्यकर्त्याला आम्ही मनापासून जयभीम करतो.

परंतु नुसता जयभीम करून आमची सुटका नाही. हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरपासून अमरावतीपर्यंतचा मुलूख हा आमच्या चळवळीचा मुलूख. इथे गावोगाव पंचशील ध्वज आहेत, विहारे आहेत, जयंतीच्या मिरवणुका आहेत. याच वर्धा आणि अमरावती जिल्ह्यांत गावाबाहेर पारध्यांचे बेडेही आहेत. विहारापासून बेडा किती लांब? चालत गेले तर फार नाही, पण आमच्यातले किती जण चालत गेले? वर्ध्याजवळ रोठा येथे मंगेशी मून यांनी पारधी मुलांसाठी वसतिगृह उभे केले. एकेका माणसाने हे करायचे आणि हजारोंच्या चळवळीने टाळ्या वाजवायच्या, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

बेड्यावरचा माणूस असा का राहिला हे समजून घेतले पाहिजे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पोलीस ठाण्याच्या मनातून गेला नाही. कुठे चोरी झाली की पहिली धाड बेड्यावर! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवले, तेव्हा विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहण्याच्या वृत्तीवरही न्यायालयाला बोलावे लागले. म्हणजे कायदा मेल्यावर बहात्तर वर्षांनीही शिक्का जिवंतच होता.

दुसरा अडसर कागदाचा. फासेपारधी हे अनुसूचित जमातीच्या यादीत आहेत. पण दाखला काढायला गेले की ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आज्याने पालात दिवस काढले आणि पोलिसांच्या भीतीने गाव बदलले, त्याने पंच्याहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणायचा? घटनेने दिलेली सवलत अशा रीतीने तहसीलच्या खिडकीवरच अडते. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, शिष्यवृत्ती नाही म्हणून शिक्षण नाही, शिक्षण नाही म्हणून पुन्हा सिग्नल!

आणि तिसरा, विकासाचा. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गाच्या आखणीत ही शाळाच सापडली. २०१९ साली तिच्या इमारतींवर हातोडा पडला, ग्रंथालयही वाचले नाही. ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण खुला झाला, त्याचे ढोल देशभर वाजले. गाड्या आता आठ तासांत मुंबई गाठतात. मुंबईच्या रस्त्यावरून जी मुले शाळेत आणली, त्यांच्याच शाळेवरून मुंबईचा रस्ता गेला! समृद्धी कोणाची, हा प्रश्न आता सरकारला विचारायचा नाही तर केव्हा?

बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली ती १९२४ साली, आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू केले. मुलाला दोन वेळचे जेवण आणि निजायला जागा मिळाल्याशिवाय तो शिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९२८ च्या स्टार्ट समितीत ते सदस्य होते, आणि ती समिती अस्पृश्यांसोबत आदिवासींचीही स्थिती तपासणारी होती. १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. भाकरी, वसतिगृह आणि जमीन हाच आमचा वारसा आहे. मग पारध्यांचे पोर आमच्या वारशाबाहेर कसे?

आमचे म्हणणे साधे आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवणे बंधनकारक आहे. अल्लीपूरसारख्या प्रत्येक गावातील आपल्या मंडळाने जवळच्या बेड्यावरची मुले मोजावीत, त्यांना शाळेत न्यावे, मुख्याध्यापक अडवतील तर कायदा दाखवावा. जयंतीच्या वर्गणीतील काही भाग डीजेऐवजी वह्या-पुस्तकांना जावा. आपल्यात वकील आहेत, तहसीलमध्ये कारकून आहेत. त्यांनी रविवारी विहारात बसून पारधी कुटुंबांचे जातीच्या दाखल्याचे अर्ज भरून द्यावेत आणि दाखला हातात पडेपर्यंत पाठपुरावा करावा.

मतीन भोसले यांनी प्रश्न मांडला आहे. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' ही घोषणा ज्याच्या ओठावर आहे, त्यानेच त्याचे उत्तर द्यायचे आहे. बांधवांनो, बेड्यावर चला!