मन्याला कमोड कशाला?



मागच्या महिन्यात आमच्या घरी एक प्रयोग झाला आणि तो अंगाशी आला. विषय जरा संकोचाचा आहे. पण घरातली घाण आपण बायका आयुष्यभर काढतो, मग त्यावर बोलायला लाज कसली?

मन्या हा आमचा बोका. दोन वर्षांपूर्वी पावसात भिजत ओट्यावर येऊन बसला, तो गेलाच नाही. मांसाहारी प्राण्याला आपल्या घरात जागा द्यावी का, हा प्रश्न मलाही पडला होता. पण दारात आलेल्या जिवाला हाकलणं काही जमलं नाही. शेजारी बांधकाम चालू होतं तोवर तिथली वाळू त्याला पुरत होती. ती संपली तेव्हा न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळूचा टप आला.

यंदा सुनेला दिवस गेले आणि नातेवाइकांचे फोन सुरू झाले. "मांजराच्या विष्ठेनं पोटातल्या बाळाला धोका असतो, त्याला एखाद्या राइस मिलमध्ये सोडून द्या." मुलानं तोड काढली. त्यानं मोबाइलवर कमोडवर बसणारं मांजर पाहिलं होतं. म्हणाला, "आई, याला तेच शिकवू. फ्लश केलं की विषय संपला." मलाही पटलं. वाळू आणणं नको, टप धुणं नको, हिशोब अगदी फायद्याचा वाटला.

ही कल्पना तशी जुनीच आहे. चार्ल्स मिंगस नावाच्या अमेरिकेतल्या जॅझ संगीतकारानं 1950च्या दशकात आपल्या मांजराला हे शिकवलं होतं आणि त्याची पुस्तिका टपालानं विकलीही होती. खोक्यात वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे, खोकं हळूहळू कमोडकडे सरकवायचं, मग कमोडवर ठेवायचं, तळाला भोक पाडून ते वाढवत न्यायचं आणि शेवटी खोकं काढून घ्यायचं. हे तीन-चार आठवड्यांचं काम. आम्ही आठव्या दिवशीच वाळूचा टप उचलला.

मन्या कमोडच्या कडेवर चढे, पाय घसरला की उतरे आणि टपाच्या रिकाम्या जागी जाऊन फरशी उकरत बसे. मला हसू येई. तिसऱ्या दिवशी सूनच म्हणाली, "आई, हा नुसता कुंथतोय, लघवी होतच नाहीये." जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी नळी घालून लघवी काढली. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ताणानं आणि लघवी धरून ठेवल्यानं ती अडू शकते, असं ते म्हणाले. आणखी एक दिवस गेला असता तर मन्या हाती लागला नसता.

कोणी म्हणेल, तुम्ही घाई केलीत. केलीच. पण सावकाश केलं असतं तरी हा प्रश्न उरतोच, की हे मन्यासाठी होतं की आमच्यासाठी? उकरणं आणि झाकणं हा मांजराचा जन्मजात स्वभाव आहे. कमोडमध्ये त्याला उकरायला काही नाही, झाकायला काही नाही. शिवाय वाळूत ओले गोळे दिसतात, आज लघवी झाली की नाही ते कळतं. पाण्यात काय कळणार?

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. स्वाध्यायात मी ते कितीदा म्हटले असतील! अन्नपाणी अडवणं हा दोष, हे आपल्याला पाठ असतं. मग जिवाच्या लघवीची जागा काढून घेणं हा निरोध नव्हे का? शास्त्रात असं लिहिलेलं नाही, ही माझी समजूत आहे. पण त्या रात्री सामायिकाला बसले तेव्हा फरशी उकरणारा मन्याच डोळ्यांसमोर येत होता.

पाच समितींतली शेवटची उत्सर्ग समिती. मलविसर्जन निर्जंतुक जागी, कोणत्याही जिवाला बाधा होणार नाही असं करावं. ती मुनींसाठी आहे, पण त्यातला विवेक गृहस्थालाही लागतो. मन्याला तो कळणार नाही, त्याच्या वतीनं तो आपण पाळायचा.

आता सुनेच्या बाळाचं. धोका खोटा नाही, त्या जंतूचं नाव टॉक्सोप्लाझ्मा. पण विष्ठा ताजी असताना तो लागण करत नाही, त्याला 1 ते 5 दिवस लागतात. म्हणून टप रोज साफ करायचा आणि गर्भवतीनं त्याला हात लावायचा नाही. हा जंतू मातीतून आणि न धुतलेल्या भाजीतूनही येतो, त्यासाठी मांजर घालवून भागत नाही. फ्लश करूनही तो मरत नाही. कॅलिफोर्नियात समुद्रातली पाणमांजरं या जंतूनं मरतात, म्हणून तिथं 2006 साली कायदा झाला. मांजराच्या वाळूच्या पाकिटावर 'संडासात टाकू नका' अशी सूचना छापावी लागते. आपल्या गोंदियाचं पाणीही शेवटी वैनगंगेलाच मिळतं ना?

आमच्याकडे आता टप परत आला आहे. खाली बारीक कोरडी वाळू, वर थोडं धानाचं तूस. तूस गिरणीतून आणलं की आधी चाळून, जीवजंतू नाहीत हे पाहून घेते. सकाळी देवदर्शनाच्या आधीच हातमोजे घालून टप साफ करते, घाण कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकते, मग स्नान. पाच मिनिटांचं काम. रविवारी ते मुलाकडे असतं. प्रयोग त्याचा होता, तेव्हा थोडी निर्जराही त्याच्या वाट्याला येऊ दे.

मैत्रिणींनो, कुणी 'दिवस गेलेत, मांजर सोडून द्या' म्हणालं तर आधी विचारा, रोज पाच मिनिटं टप साफ करायला घरात कोण तयार आहे? एक जण जरी निघाला तरी त्या जिवाला घर सोडावं लागणार नाही.