पत्त्यावरचे नाव

मराठी वाङ्मयावर तुरुंगाचे ऋण मोठे आहे. 'गीतारहस्य' मंडालेच्या कोठडीत लिहिले गेले, विनोबांची गीताप्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. पुढच्याच वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. अंदमानातून वर्षाकाठी मिळणारे सावरकरांचे एकेक पत्र आपण पत्रवाङ्मय म्हणून अभ्यासतो. या सर्वांत आपले लक्ष असते ते तुरुंगातून बाहेर आलेल्या शब्दांकडे. बाहेरून आत जाणाऱ्या पत्राचा विचार मराठीच्या अभ्यासकाने फारसा केलेला नाही. तो आता करावा, आणि केवळ विचारावर थांबू नये, असे आम्हांस वाटते.

नांदेड-लातूरकडच्या आम्हां प्राध्यापकांना तर हा विषय परका मानता येणार नाही. ज्या विद्यापीठाच्या पदव्या आमचे विद्यार्थी घेतात, त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव आहे. स्वामीजींनी १९३८च्या सत्याग्रहात आणि पुन्हा १९४७-४८ मध्ये निजामाचा तुरुंग भोगला. म्हणजे आमच्या पदवीपत्रावर एका बंद्याचेच नाव छापलेले असते. अर्थात, राजबंद्याचा गौरव करणे सोपे असते. त्याचा काळ त्याला निर्दोष ठरवून गेलेला असतो. प्रश्न आज आत असलेल्या सामान्य बंद्याचा आहे.

हा सामान्य बंदी कोण? २०२२च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी जिल्हा कारागृह आहे. दीर्घ शिक्षा झालेला मात्र मध्यवर्ती कारागृहात जातो, आपल्याकडून बहुधा हर्सूलला. किनवट किंवा निलंग्याच्या शेतमजूर आईने तिथे जायचे तर दोन दिवसांची मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे वेगळे. पहिल्या वर्षी भेटी होतात, मग त्या विरळ होत जातात. अलीकडे फोनची सोय झाली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण फोन मिनिटांत संपतो. पत्र उशाखाली ठेवता येते, पुन्हा वाचता येते. ज्याला वाचता येत नाही, त्याला ते शेजारचा वाचून दाखवतो आणि त्या निमित्ताने बराकीत दोन माणसे बोलतात.

तुरुंगातल्या पत्राला आणखी एक वैशिष्ट्य आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने ते ध्यानात घ्यावे. हे पत्र कधीच दोघांचे नसते. लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो, यांच्यामध्ये ते तपासणारा अधिकारी हा तिसरा वाचक असतो. आणीबाणीत मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात होते आणि प्रमिलाताई येरवड्याला. पती-पत्नींचा पत्रव्यवहार एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात, म्हणजे दोन्हीकडच्या तपासणीतून चाले. तरीही त्या पत्रांत संगीत, कविता आणि स्वातंत्र्याचे चिंतन आले. तिसऱ्या डोळ्याखाली लिहूनही जिव्हाळा उणा पडला नाही.

कागदाचे सामर्थ्य न्यायालयानेही ओळखले आहे. स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी अणूच्या अंतरंगाविषयी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहिले. ते हस्तलिखित बाहेर पाठवण्यास सरकारने नकार दिला, तेव्हा १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. पुढे तिहारमधील सुनील बात्रा यांनी सहबंद्याच्या छळाविषयी न्यायमूर्तींना पत्र लिहिले आणि त्या पत्रालाच याचिका मानले गेले.

मग अनोळखी माणसाने बंद्याला पत्र का लिहावे? आमचे उत्तर साधे आहे. आत माणसाला क्रमांक असतो, कलम असते, तारीख असते. पत्र त्याला मायना देते. 'प्रिय' किंवा 'सप्रेम नमस्कार' या शब्दांपुढे जे नाव येते, ते हजेरीतले नसते. कुणीतरी आपल्याला उद्देशून वाक्य रचले, ही जाणीव माणसाला पुन्हा बोलता करते. यात दया करण्याचा भाग थोडा आणि भाषेचे मूळ काम अधिक आहे.

यावर गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळू नये. ज्याच्यामुळे एखादे घर उद्ध्वस्त झाले, त्याला पत्र लिहायचे आणि त्या घराला कोण लिहिणार? त्या घरालाही लिहिले पाहिजे, किंबहुना आधी लिहिले पाहिजे. परंतु एकाचे दुःख मानण्यासाठी दुसऱ्याला निःशब्द ठेवण्याची गरज नाही. शिक्षा न्यायालय देते. ती स्वातंत्र्य हिरावून घेण्याची असते, संबोधन हिरावून घेण्याची नव्हे. बहुतेक बंदी आज ना उद्या गावी परततात. वर्षानुवर्षे कुणाशी न बोललेला माणूस परत यावा, असे कोणत्या गावाला वाटेल?

मात्र भाबडेपणा नको. खटल्याविषयी विचारू नये, जामिनाची वा पैशाची आशा लावू नये, गुन्ह्याचे कुतूहल बाळगू नये. अधीक्षकांची परवानगी घेऊन, विभागाच्या पत्त्यावरून, शिक्षकाच्या देखरेखीखाली लिहावे. केंद्राच्या २०१६च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेने बंद्याला येणाऱ्या पत्रांच्या संख्येवर मर्यादा घातलेली नाही. मर्यादा असते ती आपल्या चिकाटीची. दोन पत्रे लिहून थांबणार असू, तर पहिलेच लिहू नये. आलेले पत्र बंद होणे हे न आलेल्या पत्रापेक्षा अधिक बोचते.

विषय काय असावेत? पाऊस, पीक, यात्रा, वाचलेली गोष्ट. गोदावरीला पाणी किती आले आणि सोयाबीनला भाव काय मिळाला, हे आतल्या माणसालाही हवे असते.

परीक्षेत आपला विद्यार्थी वर्षानुवर्षे 'अ. ब. क.' या नावाने, अस्तित्वात नसलेल्या माणसाला पत्र लिहितो. मायना अचूक, समारोप अचूक, पाच गुण पक्के; पण पत्र कुठेच जात नाही. त्याच जिल्ह्यात भिंतीआड काही माणसांना वर्षभरात एकही पत्र येत नाही. या दोन्ही उणिवांचा मेळ घालणे मराठी विभागाला अशक्य नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या एका उपक्रमाला खरा पत्ता द्यावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.