औषधाचा हिशेब आणि वेळेचे मोल

डहाणू-तलासरीच्या बाजारपेठेत दुकानाचा गल्ला रोज रात्री मोजला जातो. घरातील स्त्रीच्या दुखण्याची नोंद मात्र कोणत्याच वहीत नसते. पाळी बंद झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त जाणे ही तक्रार संकोचापोटी दडपली जाते. परळच्या टाटा रुग्णालयाची पायरी चढेपर्यंत गर्भाशयमुखाचा कर्करोग कित्येकदा फुप्फुसापर्यंत वा यकृतापर्यंत पसरलेला असतो.

अशा अवस्थेतही आता इम्युनोथेरपीचा आधार आहे. शरीरातील रक्षक पेशींना आवर घालणारा एक नैसर्गिक लगाम असतो. कर्करोग तोच खेचून धरतो; पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध तो सैल करते. या तत्त्वाच्या शोधासाठी ॲलिसन व होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 617 स्त्रियांच्या अभ्यासात, ज्यांच्या गाठीत पीडी-एल1 हे प्रथिन आढळले, त्यांपैकी केमोथेरपीसोबत हे औषध घेणाऱ्या शंभरातील सुमारे 53 जणी दोन वर्षांनंतर हयात होत्या, त्याविना 42. लाभ खरा आहे, पण तो सर्वांना होत नाही. लगाम सुटलेल्या पेशी थायरॉईड, आतडे वा फुप्फुसावरही उलटू शकतात. म्हणून जुलाब वा धाप लागताच डॉक्टरांना कळवावे.

दर तीन आठवड्यांनी एक मात्रा, कमाल दोन वर्षे, आणि खर्च लाखांत. मुदत ठेव मोडण्यापूर्वी किंवा सोने गहाण ठेवण्यापूर्वी कुटुंबाने चार प्रश्न विचारावेत: पीडी-एल1 तपासणी झाली का? अपेक्षित लाभ किती? विमा किती भार उचलेल? औषध कंपनीची रुग्णसाहाय्य योजना लागू होते का? हे प्रश्न विचारण्यात कंजूषपणा नाही. रुग्णेच्या हिताचीच ती काळजी आहे.

मात्र सर्वांत किफायतशीर गुंतवणूक याच्या कितीतरी आधीची आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातील 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांच्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची प्रतिबंधक लसही 2023 पासून उपलब्ध आहे. 9 ते 14 वयाच्या मुलींना तिच्या दोनच मात्रा पुरतात.

दिवाळीला नवी वही उघडताना पहिल्या पानावर घरातील स्त्रियांच्या तपासणीची आणि मुलींच्या लसीची तारीख लिहावी. ही नोंद लांबणीवर पडली, तर तिचे व्याज रुपयांत फिटत नाही.