दिवाळं काढायची ऐपत

दिवाळं काढायलाही ऐपत लागते. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या मजुराकडे ती नाही.

तीर्थपुरीला साखर कारखाना आहे, तरी आसपासच्या गावांतले ऊसतोडीचे कोयते दसऱ्यानंतर परजिल्ह्यांत जातातच. मुकादमाची उचल, मायक्रोफायनान्सची दोन-तीन कर्जं, दुकानाची उधारी, सोनाराकडचं गहाण हे सगळं एकाच घरात सापडतं. हप्त्याच्या दिवशी कर्जाच्या गटातली एखादी आली नाही, तर बाकीच्या तिच्या ओट्यावर जाऊन बसतात, कारण तिचा हप्ता त्यांच्या गळ्यात पडणार असतो. वसुलीवाला गाडी स्टँडला लावून लांब उभा. त्याला तोंड उघडावंच लागत नाही. अशा बाईने कोर्टात जाऊन ‘मी नादार आहे’ असं सांगावं का?

2016 च्या दिवाळखोरी संहितेत खास तिच्यासाठी ‘फ्रेश स्टार्ट’ नावाचं प्रकरण आहे. वार्षिक उत्पन्न 60 हजारांपर्यंत, मालमत्ता 20 हजारांपर्यंत, विनातारण कर्ज 35 हजारांपर्यंत आणि नावावर घर नाही, अशा माणसाचं कर्ज पुसून टाकायचं. छान. फक्त ते लागू झालेलं नाही. 2019 च्या डिसेंबरात व्यक्तींसाठीचा भाग उघडला, तो कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता. तिथे बँकांचे कोट्यवधी अडकले होते. इथे कुणाचं काय अडलंय?

आणि उद्या लागू झालं तरी? 300 रुपये रोजाने 200 दिवस काम मिळालं की 60 हजार भरले. 201 व्या दिवशी बाई कायद्याच्या लेखी सधन. रिझर्व्ह बँक मायक्रोफायनान्ससाठी वर्षाला 3 लाखांपर्यंत मिळवणारं कुटुंब अल्प उत्पन्नाचं धरते, लाडकी बहीण योजना अडीच लाखांपर्यंत. कर्ज गळ्यात घालताना ती गरीब आणि सोडवताना मात्र नाही, हा कुठला हिशेब? त्यात तिच्या नावावर घरकुल असेल, तर सरकारनेच दिलेल्या त्या घरापायी ती बाद.

1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात सावकारांच्या वह्या जळल्या. चार वर्षांत इंग्रज सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला, देण्यापायी होणारी अटक बंद केली, नादारीची सोयही ठेवली. जालना तेव्हा निजामाकडे होतं. तो कायदा इथवर पोचलाच नाही. आताच्या कायद्याला तर मध्ये सरहद्दही नाही.

राहिला 1920 चा जुना नादारी कायदा. तो जिथे चालतो तिथेही वकील, जाहीर नोटिसा, तारखांवर तारखा आणि प्रत्येक तारखेला बुडणारा रोज. ज्याच्याकडे जप्त करण्याजोगं काही नाही, त्याने या फंदात पडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 ने त्याला बरंचसं संरक्षण आधीच दिलंय. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, मंगळसूत्र, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, बैल, बियाणं, मजुराची मजुरी यांना हुकूमनाम्याचा हात लागत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापायी बाईला अटकही होत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे मायक्रोफायनान्सला तारण घेता येत नाही, सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीला फिरकता येत नाही. विनापरवाना सावकाराविरुद्ध 2014 च्या कायद्याखाली सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाता येतं, आणि बाईला उत्पन्न न बघता विधी सेवा समितीचा वकील फुकट मिळतो. हे त्या ओट्यावर बसलेल्यांना कोण सांगणार? वसुलीवाला तर नक्कीच नाही. बँकेची नोटीस आलीच, तर तीही इंग्रजीत.

थोडी जमीन असून ती गहाण असलेल्याचा प्रश्न वेगळा. त्याने कागद वकिलाला दाखवल्याशिवाय कशावर अंगठा देऊ नये.

‘फ्रेश स्टार्ट’ लागू करायला संसद लागत नाही, केंद्राची एक अधिसूचना पुरते. 60, 20 आणि 35 हजारांचे आकडे बदलायला मात्र संसदेतच जावं लागेल. 2016 नंतर या संहितेत कंपन्यांसाठी पुन्हा पुन्हा दुरुस्त्या झाल्या. त्यातली एक तरी या तीन आकड्यांसाठी करायला काय हरकत होती?