घंटी वाजते, पण ऐकतो कोण?

गेल्या वर्षी दवाखान्यात इंटरनेटवर चालणारे फोन बसवले. एक कंपाउंडरच्या टेबलावर, एक तपासणीच्या खोलीत, एक वरच्या मजल्यावर. बसवणारा गेला आणि तिन्ही फोन एकदम, एकाच कर्कश आवाजात वाजू लागले. औषध कंपनीचा प्रतिनिधी असो, लॅबचा रिपोर्ट असो की 'डॉक्टर आहेत का?' ही चौकशी, घंटी तीच. तपासताना पेशंट दचकायचे. दचकल्यावर नाडी आणि रक्तदाब काही क्षण वाढतात, त्यामुळे मला रक्तदाब पुन्हा मोजावा लागे. शेवटी कंटाळून कंपाउंडरने आवाज अगदी बारीक केला. मीही काही बोललो नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी एक बाई नवऱ्याला रिक्षात घालून आल्या. छातीत दुखत होते, दरदरून घाम सुटला होता. "डॉक्टरसाहेब, चार वेळा फोन लावला हो, कोणी उचललाच नाही," त्या म्हणाल्या. फोनचा लाल दिवा केसपेपरांखाली झाकला गेला होता. झटकाच होता. प्रथमोपचार करून जिल्हा रुग्णालयात पाठवले. गृहस्थ वाचले, पण वाया गेलेली ती वीस मिनिटे माझ्या खाती जमा आहेत.

दोष यंत्राचा नव्हता. जुन्या फोनची घंटी एक्स्चेंजमधून आलेल्या विजेने वाजे. नव्या फोनचे आवाज त्याच्याच पोटात साठवलेले असतात. कॉलबरोबर मुख्य यंत्रणा सूचना पाठवू शकते, की ही घंटी वाजव. ही सोय पुष्कळ फोनमध्ये असते, पण कोणीतरी बसून ती लावावी लागते.

आम्ही जाणकाराला बोलावून ती लावून घेतली. तातडीच्या पेशंटसाठी वेगळा नंबर आणि त्याला वेगळी, ठसठशीत घंटी. बाकी कॉलना सौम्य आवाज, तोही फक्त कंपाउंडरच्या टेबलावर. तातडीचा कॉल पंधरा सेकंदांत उचलला नाही, तर तो माझ्या मोबाईलवर येतो. मग दुसऱ्या फोनवरून प्रत्येक घंटी वाजवून पाहिली.

वैद्यकीय दृष्टीने दोन गोष्टी सांगतो. सारखाच आवाज दिवसभर कानावर पडला, की मन त्याकडे दुर्लक्ष करू लागते. म्हणून महत्त्वाची घंटी वेगळी हवी आणि क्वचितच वाजायला हवी. दुसरे, वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात. कचेरीत वयस्क कर्मचारी असतील, तर किणकिणाट नको, खालच्या पट्टीतला आवाज निवडावा. दिवा दिसेल अशा जागी फोन ठेवावा.

आणखी एक. जुन्या फोनला वीज एक्स्चेंजकडूनच मिळे. हा फोन वीज गेली की मुका होतो. फोन, राउटर आणि मधली सारी उपकरणे इन्व्हर्टरवर घ्यावीत.

वाचकहो, छातीत दुखून घाम सुटला तर आमच्या घंटीची वाट पाहू नका, आधी १०८ लावा. आणि ज्यांच्या टेबलावर असा फोन आहे, त्यांनी उद्या सकाळी एवढेच करावे: बाहेरून आपल्याच कचेरीला फोन लावावा आणि कोणी उचलते का, ते पाहावे.